माहितीपत्रकात पाच फूट लिहिलंय

एप्रिलातली दुपार, सहकारनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
पिशवीत ड्रिल, सहा नंबरचे प्लग, लेव्हलची पट्टी
आणि तळहाताएवढा तो पांढरा डबा,
ज्याला वायर नाही म्हणून लोकांना वाटतं
कुठंही टांगला तरी चालेल.

चालत नाही.
खिडकीजवळ लावला तर उन्हाची बाजू घेतो,
फ्रिजच्या डोक्यावर लावला तर फ्रिजचा ताप सांगतो,
दाराआड लावला तर कुणाचंच ऐकत नाही.
जिथं असेल तिथलंच खरं मानतो बिचारा,
आणि एसी त्याच्या शब्दाबाहेर नाही.

हे मी प्रत्येक घरात घडाघडा म्हणून दाखवतो.
निसळ सरांना सांगायला लागलो तर ते हसले.
"बिरू ना तू? बस. पाणी पी आधी."
छत्तीस वर्षं हवामान खात्यात काढली, म्हणाले.
शिवाजीनगरच्या आवारात सकाळ-संध्याकाळ
झिलमिल्यांची पांढरी पेटी उघडायची,
सावलीतला पारा वाचायचा, वहीत टिपायचा.
दुसऱ्या दिवशी पेपरात: पुणे, एकोणचाळीस पूर्णांक दोन.
"आणि हडपसरहून माझा मेहुणा फोन करायचा,
साफ खोटं! आमच्याकडं एक्केचाळीस आहे!
त्याचंही बरोबरच होतं रे.
मी कुठं पुण्याचं सांगत होतो?
त्या पेटीतलं सांगत होतो."

बोलणं ऐकता ऐकता मी भिंत ठोकून पाहिली.
हॉलमधली चांगली होती, विटेची, ऊन न येणारी,
कॅलेंडरचा जुना खिळाही नेमका पाच फुटांवर.
पेन्सिलनं फुली मारली.
"तिथं नको. आत ये."

आत मंदाताई होत्या,
डाव्या कुशीवर, पाठीशी उशांचा बांध.
चौदा महिने झाले, शब्द गेलेत.
उकडतंय का विचारलं की डोळे पंख्याकडं जातात,
पण ते एरवीही पंख्याकडंच असतात.
सर दर थोड्या वेळानं त्यांच्या मानेला हात लावत होते,
मागून, केसांखाली,
आणि रिमोटवर एक अंश वर, एक अंश खाली.
"रात्री मात्र मला डोळा लागतो," म्हणाले,
अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं.

मी सवयीनं पाचावर टेप धरली.
"बिरू, ती पाच फुटांवर राहत नाही."

टेप खाली आणली.
गादी जमिनीपासून बावीस इंच, उशी धरून सव्वीस.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मांडी घालून भिंतीला भोक पाडलं.
खाली लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट चिकटवलं होतं,
त्यात विटेची लाल भुकटी पडत राहिली.
आवाज संपेस्तोवर सरांचे दोन्ही तळवे
त्यांच्या कानांवर होते.

डबा बसला. बुडबुडा मध्यावर आला.
आकडा उगवला: बावीस पूर्णांक पाच.

सरांनी चष्मा पुसून परत वाचला.
उभ्यानं तर खोलीत सव्वीस असावं असंच वाटत होतं,
मलासुद्धा.
गार हवा जड, ती खाली बसते,
हे मला कोर्समध्ये शिकवलं,
त्यांना तर मी जन्मायच्या आधीपासून ठाऊक.
ते काही बोलले नाहीत.
माळ्यावरून गोधडी काढली, भर एप्रिलात,
आणि पायांवर घालताना
एक कोपरा नीट करायला फार वेळ लावला.
पैसे देताना सुट्टे मोजले, परत मोजले,
दोन्ही वेळा चुकले.

संध्याकाळी फोटो पाठवला तर साहेबांचा निरोप:
उंची चुकली. उद्या जाऊन वर घे.
मी सिंहगड रोडच्या सिग्नलला, पाठ घामानं चिकटलेली,
त्या पेटीत किती होतं कुणास ठाऊक.
लिहिलं, साहेब, माहितीपत्रकाप्रमाणं...
ते खोडलं.
लिहिलं, बरोबर आहे.
मागून हॉर्न वाजायला लागले,
तरी थांबून पुढं जोडलं:
गिऱ्हाईक तेवढ्याच उंचीचं आहे.